शिकण्यासाठी हक्काचा वेळ

लुडविग्सहाफेन : ऱ्हाइनच्या डाव्या काठावर बीएएसएफचा रासायनिक कारखाना सुमारे दहा चौरस किलोमीटरवर पसरला आहे. १८६५ पासून इथे रसायने बनतात, पण ती बनवण्याची रीत सतत बदलते आहे. पंधरा वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या ऑटोमेशन इंजिनिअरला आज नेटवर्क, सायबर सुरक्षा आणि गणिती मॉडेलवर चालणारे नियंत्रण नव्याने शिकावे लागते. शिफ्ट, शटडाऊन आणि घर सांभाळून हे शिकायचे कधी? जर्मनीने याचे उत्तर कायद्यात दिले आहे.

पंचेचाळीसपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिने नोकरी झाली, की एक ते पाच वर्षांसाठी कामाचे तास कमी करून मागता येतात. पगारही त्या प्रमाणात घटतो. मात्र मुदत संपल्यावर पूर्ण वेळेवर परत येण्याचा हक्क कायम राहतो. ही तरतूद २०१९ पासून लागू आहे. उत्पादनात अडचण येत असेल तर मालक नकार देऊ शकतो, पण निर्णय त्याला लेखी कळवावा लागतो. याशिवाय बहुतेक राज्यांत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी वर्षाला साधारण पाच दिवसांची पगारी शिक्षण-रजा मिळते.

अभ्यास मात्र कोणी हलका करून देत नाही. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. पूर्णवेळ विद्यार्थी वर्षाला ६० क्रेडिट करतो. नोकरदाराने निम्मी केली, तरी आठवड्याला १५ तासांच्या आसपास द्यावे लागतात. म्हणजे संध्याकाळ आणि शनिवार अभ्यासाचेच.

पण नोकरदारांच्या वर्गात प्रश्न थेट प्लांटमधून येतात. समजा, रिअ‍ॅक्टरच्या तापमानाचा ट्रेंड सारखा वरखाली होतो आहे. नवखा माणूस लगेच ट्यूनिंग बदलायला घेतो. मुरलेला इंजिनिअर आधी, प्लांटला धोका नसेल तर, कंट्रोलर मॅन्युअलवर टाकतो. हेलकावे थांबले, तर दोष त्याच लूपमध्ये आहे. बऱ्याचदा अडकत चालणारा व्हॉल्व्ह निघतो. तरीही चालू राहिले, तर कारण बाहेर शोधायचे. ही युक्ती त्याला हाताने माहीत असते. ती का लागू पडते, याचे गणित वर्गात कळते आणि सोमवारी ते प्लांटवर वापरता येते. नोकरीसोबतच्या शिक्षणाची खरी कमाई मला हीच वाटते.

इकडे येऊ पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. असे बहुतेक अभ्यासक्रम जर्मन भाषेत चालतात. अनुभवी नोकरदारांसाठी खास आखलेल्या मास्टर्सना किमान वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो आणि सरकारी विद्यापीठातही फी पडते. हा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो.

आपल्याकडेही नोकरदारांसाठी एम.टेक. आहेच. पण परीक्षेची रजा साहेबांच्या मर्जीवर, आणि प्रोजेक्टचा वेळ झोपेतून काढायचा. पाताळगंगा, लोटे, कुरकुंभच्या कंपन्यांना माझे सांगणे एवढेच : शिकणाऱ्या इंजिनिअरला आठवड्यातला ठरावीक वेळ आणि परीक्षेची रजा लेखी द्या. कायद्याची वाट पाहू नका. त्याचे शिक्षण तुमच्याच प्लांटच्या कामी येणार आहे.