प्रकाशाचा रेटा आणि अभियंत्यांपुढील नवे दालन

आरशावर पडलेला प्रकाश परावर्तित होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परावर्तित होताना तो आरशाला किंचित ढकलतो, ही बाब मात्र सहसा लक्षात येत नाही. दोन आरशांमध्ये कोंडलेल्या प्रकाशाचा रेटा आणि त्यातून घडणारी हालचाल यांचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे कॅव्हिटी ऑप्टोमेकॅनिक्स. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाढलेली ही विद्या आता अभियंत्यांच्याही उपयोगाची ठरत आहे.

समोरासमोर बसवलेल्या दोन आरशांमधील जागेला पोकळी म्हणतात. तिच्यात लेसरचा प्रकाश असंख्य वेळा ये-जा करतो आणि त्याची तीव्रता वाढते. यातील एक आरसा टांगता ठेवला, तर प्रकाश त्याला ढकलतो. आरसा सरकताच पोकळीची लांबी बदलते, आत साठणारा प्रकाश कमी-अधिक होतो आणि रेटाही बदलतो. या देवाणघेवाणीतून आरशाची कंपने शमवता येतात, तशीच ती वाढतही जाऊ शकतात. रशियन शास्त्रज्ञ व्लादिमीर ब्रागिन्स्की यांनी १९६० च्या दशकातच याकडे लक्ष वेधले होते.

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळेला याचा प्रत्यक्ष अनुभव आला. तेथे चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये ४० किलो वजनाचे आरसे टांगलेले आहेत. अशा आरशावर तीन लाख वॉट प्रकाश पडला, तरी त्याचा रेटा जेमतेम ०.२ ग्रॅम वजनाएवढा भरतो. तरीही लिव्हिंग्स्टन येथील यंत्रात याच रेट्यामुळे आरशाचे सेकंदाला सुमारे १५ हजार वेळा होणारे कंपन वाढत गेल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नमूद आहे. आरशाला मोजकी उष्णता देऊन त्याची वक्रता किंचित बदलण्यात आली आणि कंपन आटोक्यात आले. पुढे आरशांवर कंपन शोषून घेणारे छोटे शामकही बसवण्यात आले. धोक्याचे भाकीत सिद्धांताने केले होते; तो दूर करण्यासाठी उष्णता, पदार्थ आणि नियंत्रण यांचे अभियांत्रिकी ज्ञान कामी आले.

हेच तत्त्व चिपवरही वापरता येते. अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत २०१२ मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने त्वरण मोजणारा सूक्ष्म संवेदक तयार करण्यात आला.

भारताच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच महिन्यात मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमधील संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे सोपवण्यात आले आहे.

या क्षेत्रात येण्यासाठी वेगळ्या पदवीची अट नाही. यांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कंपनशास्त्र व निर्वात तंत्र, विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याने नियंत्रण प्रणाली आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने लेसर व सूक्ष्मनिर्मिती यांवर भर द्यावा. त्याला प्रकाशशास्त्र आणि प्राथमिक क्वांटम भौतिकीची जोड दिल्यास संशोधन संस्थांप्रमाणेच संवेदक व लेसर उपकरणे बनवणाऱ्या उद्योगांतही हे ज्ञान उपयोगी पडते.