जुन्या मोटारीच्या वेगनोंदीतील खंड

पेण तालुक्यातील हमरापूर येथे घरोघर गणेशमूर्ती घडतात, हे सर्वश्रुत आहे. तेथून निघालेली मूर्ती वाटेत तडकली, तर बोट प्रथम चालकाकडे वळते. आता अशी कल्पना करू की, मूर्ती नेणाऱ्या एका जुन्या मोटारीत लॅपटॉप जोडून वेगाची नोंद घेतली आहे, आणि ताशी ३६ किलोमीटर वेगाने चाललेली मोटार अर्ध्या सेकंदात थांबली, असे ती नोंद सांगते. चालकाचे म्हणणे मात्र असे की, पुढचे खड्डे पाहून त्याने सावकाश ब्रेक लावला. कोणाचे खरे मानावे?

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. तो वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणावयाचा, तर मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे दुप्पट हवे. कोरड्या डांबरी रस्त्यावरही साधे टायर त्याच्या निम्म्याहून फारसे अधिक मंदन देऊ शकत नाहीत. तेव्हा मोटार कोठे आदळली नसेल, तर नोंदच चुकीची आहे.

ती चुकते कशी, हे समजण्यासाठी जुन्या मोटारीची संभाषणपद्धती पाहिली पाहिजे. निदानासाठी असलेल्या सोळा खुंट्यांच्या जोडाचे बाह्यरूप नव्या-जुन्या मोटारींत सारखेच दिसते; आतील भाषा मात्र निराळी असते. नव्या मोटारींतील ‘कॅन’ पद्धतीत सेकंदाला बहुधा ५,००,००० बिट जातात. जुन्या ‘के-लाइन’ पद्धतीत सातव्या खुंटीवरील एकाच तारेवरून प्रश्नही जातो आणि उत्तरही येते, तेही सेकंदाला केवळ १०,४०० बिट या गतीने. शिवाय प्रश्नातील दोन बाइटांमध्ये किमान ५ मिलिसेकंद, उत्तरापूर्वी किमान २५ आणि पुढील प्रश्नापूर्वी किमान ५५ मिलिसेकंद थांबावे लागते. सहा बाइटांचा प्रश्न व सात-आठ बाइटांचे उत्तर धरता एका फेरीस सुमारे १२० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला आठच वाचने. आणि चार राशी आळीपाळीने विचारल्यास प्रत्येकीचे वाचन अर्ध्या सेकंदाने एकदा. आपल्या उदाहरणातील अर्धा सेकंद आला तो येथून.

संवाद तुटला, की अडचण वाढते. पाच सेकंद प्रश्न आला नाही, तर इंजिनाचा नियंत्रक सत्र संपले असे समजतो. त्याला पुन्हा जागे करण्याच्या जुन्या रीतीत पत्त्याचा बाइट सेकंदाला ५ बिट अशा गोगलगाईच्या गतीने पाठवावा लागतो. दहा बिटांना दोन सेकंद गेलेच. या अवधीत काही नोंदणी-कार्यक्रम शेवटचेच मूल्य गिरवीत राहतात. आमच्या मते सर्वांत घातक दोष हाच. रिकामी जागा निदान दिसते. गिरवलेले मूल्य दिसत नाही.

संवाद तुटण्याची कारणे बहुधा क्षुद्र असतात. प्रथम लॅपटॉप मोटारीवर भारित करणे थांबवून त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. स्वस्त इन्व्हर्टरचा विद्युत्-गोंगाट व भू-जोडणीतील दोष यांचा निकाल त्यातच लागतो. नंतर जोडाच्या खुंट्या पाहाव्यात. कोकणच्या दमट हवेत त्यांवर गंज चढतो. तार निष्क्रिय असता सातव्या खुंटीवरील दाब मोटारीच्या बॅटरीच्या जवळपास असावयास हवा. यूएसबी परिवर्तकांपैकी काही जण आलेले बाइट १६ मिलिसेकंदांपर्यंत अडवून ठेवतात; त्याने संवाद क्वचितच तुटतो, पण उत्तराची वेळ सरकते. एका वेळी एकच बदल करावा, आणि चारांऐवजी एकच राशी विचारून पाहावी.

नोंद ठेवताना प्रत्येक प्रश्नाची व उत्तराची वेळ आणि आलेले मूळ बाइट जसेच्या तसे लिहावेत. उत्तर न आल्यास जागा कोरी सोडावी. वरील उदाहरणात अशी नोंद असती आणि कोरी जागा पाच सेकंदांची निघाली असती, तर मोटार त्या पाच सेकंदांत केव्हातरी थांबली, एवढेच सिद्ध झाले असते. सेकंदागणिक २ मीटर इतकी सौम्य वेगघटही त्याच्याशी जुळते. चालकाचे म्हणणे त्याने खोटे ठरत नाही, आणि तडा कशाने गेला हे मूर्तीच्या बांधणीत व गवताच्या बैठकीत शोधणे उरते.