न्यूरॉलॉजी इंडिया

न्यूरॉलॉजी इंडिया : तंत्रिकाविज्ञान व तंत्रिका-शस्त्रक्रियाविज्ञान या विषयांना वाहिलेले भारतीय वैद्यकीय नियतकालिक. १९५३ मध्ये सुरू झालेले हे इंग्रजी द्वैमासिक न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे मुखपत्र आहे. जेकब चँडी, बी. राममूर्ती, एस. टी. नरसिंहन व बलदेव सिंग या चौघांनी १९५१ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे ही संस्था स्थापन केली. त्या काळी देशात या विषयांचे तज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. औषधोपचार करणारे व शस्त्रक्रिया करणारे असे दोघेही एकाच संस्थेत आले आणि नियतकालिकाचे स्वरूपही तसेच राहिले.

नियतकालिकाकडे आलेला लेख त्याच विषयातील अन्य तज्ज्ञांकडे परीक्षणासाठी जातो. रुग्णांची निवड, निदानाची कसोटी, निष्कर्षाला पुरेसा आधार आहे की नाही, हे ते पाहतात. त्यांच्या अभिप्रायानुसार संपादक लेख स्वीकारतो, दुरुस्तीसाठी परत पाठवितो किंवा नाकारतो. या पद्धतीस मर्यादा आहेत. परीक्षकासमोर रुग्ण नसतो, केवळ कागद असतो. हेतुपुरस्सर खोटी दिलेली माहिती त्याच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून छापून आलेला निष्कर्ष इतरांनी पुन्हा पडताळणे हाही या व्यवहाराचाच भाग होय.

याचे बोधप्रद भारतीय उदाहरण अपस्माराचे आहे. १९८० नंतर संगणकीय छेदचित्रण (सीटी स्कॅन) उपलब्ध झाल्यावर झटके येणाऱ्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहान, कड्यासारखी गाठ दिसू लागली. क्षयरोग सर्वत्र असल्याने ती क्षयगाठ समजली जाई व रुग्णाला दीर्घकाळ क्षयरोधी औषधे दिली जात. यांतील कित्येक गाठी आपोआप नाहीशा होतात, असेही आढळले. वेल्लोर येथील वेदांतम् राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठींच्या ऊतकांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी बहुसंख्य गाठी डुकरातील पट्टकृमीच्या डिंभांमुळे झालेल्या निघाल्या. १९९३ मध्ये त्यांनी दोहोंतील भेद ओळखण्याच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या : गाठ २० मिमी.पेक्षा लहान असणे, कवटीच्या आतील दाब वाढलेला नसणे, वाढत जाणारा अशक्तपणा नसणे इत्यादी. मेंदूची शस्त्रक्रिया न करता निदानाची दिशा ठरविणे त्यामुळे शक्य झाले.

अशा लेखनाचा खरा उपयोग मोठ्या शहरांबाहेर होतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यांतून रुग्ण कराड किंवा मिरजेस येतात. मिरजेत १८९४ पासून मिशन रुग्णालयाची व १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा आहे. झटका आलेल्या तरुणाला क्षयाची औषधे महिनोन्‌महिने द्यावयाची की केवळ अपस्माररोधी औषध देऊन काही महिन्यांनी पुन्हा छेदचित्र घ्यावयाचे, हा निर्णय तेथील डॉक्टरला करावा लागतो. क्षयरोधी औषधांनी यकृतास इजा होऊ शकते. उलट खरी क्षयगाठ उपचारावाचून राहिल्यास जीवाला धोका असतो. न्यूरॉलॉजी इंडियाचे लेख आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.