हार्ड डिस्कमधील चुंबकीय खिटी

हार्ड डिस्कमधील चुंबकीय खिटी : संगणक बंद असताना हार्ड डिस्कची वाचन-लेखन शीर्षे विसाव्याच्या जागी धरून ठेवणारी योजना. तबकडी फिरत असताना तिच्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर शीर्षे तरंगतात. आधुनिक यंत्रांत हे अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तबकडी थांबली की हा थर नाहीसा होतो व टेकलेले शीर्ष धक्क्याने सरकल्यास माहितीचे पृष्ठ ओरखडले जाते. म्हणून अनेक यंत्रांत तबकडीच्या आतील कडेजवळ माहितीविरहित पट्टा शीर्षांसाठी राखलेला असे.

१९८० नंतरच्या दशकातील कित्येक व्यक्तिगत संगणकांत शीर्षे तेथे नेण्याची आज्ञा वापरणाऱ्यालाच द्यावी लागे; वीज अचानक गेल्यास तीही देता येत नसे. पुढे चुंबकांमध्ये ठेवलेल्या वेटोळ्याने भुजा हलविण्याची पद्धत रूढ झाली व ही अडचण सुटली. वीज गेली तरी तबकडी निरूढीमुळे काही काळ फिरतच राहते आणि तिचे चलित्र जनित्राचे काम करते. खोपोली (जि. रायगड) येथे १९१५ मध्ये सुरू झालेल्या जलविद्युत् केंद्रात घाटमाथ्यावरून येणारे पाणी चक्राद्वारे जनित्र फिरविते, येथे तेच काम तबकडीची उरलेली गती करते. या विजेवर वेटोळे शीर्षांना विसाव्याच्या जागी नेते. मात्र वीज संपताच भुजा मोकळी होते. खिटीचे काम येथून सुरू होते.

भुजेच्या मागील टोकावरील पोलादी तुकडा स्थायी चुंबकाजवळ येऊन त्याला चिकटतो. काही रचनांत वेगळा चुंबक न ठेवता वेटोळ्याच्या चुंबकांचे बाहेर पसरणारे क्षेत्रच वापरतात. आकर्षण अंतराबरोबर झपाट्याने घटत असल्याने वाचन-लेखनात त्याचा अडथळा फारसा होत नाही. खरी अडचण बलाच्या निवडीची आहे. बल कमी ठेवल्यास वाहतुकीतील धक्क्याने भुजा सुटते. फार ठेवल्यास वेटोळ्याला ती सोडविता येत नाही. सोडविताना मोठा प्रवाह द्यावा लागतो आणि पकड एकाएकी सुटल्याने भुजा पुढे झेपावते, म्हणून तिला लगेच आवरावे लागते. पकड मर्यादित राखण्यासाठी मध्ये रबराची गादी ठेवतात. जुन्या काही यंत्रांत हे रबर काळाने चिकट झाले व भुजा अडकून बसली. तबकडीवरील माहिती शाबूत असूनही ती वाचता येईना.

फिरकीच्या धक्क्यापुढे चुंबकीय पकड अपुरी पडत असल्याने नंतरच्या यंत्रांत निरूढीने आपोआप अडकणारी खिटी जोडली गेली. सुवाह्य संगणकांत शीर्षे तबकडीबाहेरील उतरत्या आधारावर चढविण्याची रीत आली.