महाधमनीचे विकार आणि आपले शरीर : भाविकांसाठी आरोग्यविषयक माहिती



हृदयविकार, मधुमेह आणि पक्षाघात यांविषयी आता घरोघरी बोलले जाते. परंतु हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे, म्हणजे महाधमनीचेही गंभीर विकार असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आदिलाबाद जिल्ह्यात राहणाऱ्या आपणा सर्वांना ही माहिती असणे विशेष गरजेचे आहे. महाधमनीवरील मोठ्या शस्त्रक्रियांसाठी येथील रुग्णाला प्रामुख्याने हैदराबाद किंवा नागपूर गाठावे लागते. आदिलाबाद शहरापासून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, तर नागपूर सुमारे २०० किलोमीटर अंतरावर आहे. हे अंतर आपण कमी करू शकत नाही. मात्र आजार वेळीच ओळखणे आणि तो होऊच नये म्हणून काळजी घेणे आपल्या हाती आहे. त्या हेतूने ही माहिती येथे देत आहोत.

महाधमनी म्हणजे काय?

महाधमनीला जुन्या मराठी पुस्तकांत महारोहिणी म्हटलेले आढळते. डॉक्टर मंडळी तिला एओर्टा म्हणतात. ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी होय. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून ती वर निघते, काठीच्या वाकड्या मुठीप्रमाणे मागे वळते आणि पाठीच्या कण्याला लागून छातीतून पोटात उतरते. बेंबीच्या पातळीवर तिचे दोन भाग होऊन ते दोन्ही पायांकडे जातात. छातीत तिची रुंदी साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर असते, पोटात ती दोन सेंटीमीटरच्या आसपास येते.

शेतातील पंपाला जोडलेला मुख्य पाइप आणि त्यातून निघणाऱ्या फांद्या डोळ्यांसमोर आणाव्यात. हृदय हा पंप आहे आणि महाधमनी हा मुख्य पाइप आहे. मात्र हा पाइप ताठ नसून लवचीक आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तो किंचित फुगतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात पूर्ववत होत रक्त पुढे ढकलतो. विश्रांतीच्या वेळीसुद्धा दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त यातून वाहते आणि दिवसभरात सुमारे एक लाख वेळा हा ताण तिच्या भिंतीवर पडतो. तो सहन करता यावा म्हणून या भिंतीला तीन पदर असतात : आतला गुळगुळीत पदर, मधला लवचीक व स्नायुमय पदर आणि बाहेरचा चिवट पदर.

शरीरावर परिणाम कसा होतो?

शरीरातील जवळजवळ प्रत्येक अवयवाला रक्त महाधमनीच्या कुठल्या ना कुठल्या फांदीतूनच मिळते. त्यामुळे दोष एका ठिकाणी असला तरी तक्रार भलत्याच ठिकाणी दिसू शकते. ती पुढीलप्रमाणे :

१. हृदयाला रक्त देणाऱ्या फांद्या अडल्यास छातीत दुखते, हृदयविकाराचा झटका येतो.
२. मेंदूकडील फांद्या अडल्यास चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा पक्षाघात होतो.
३. हाताकडील फांदी अडल्यास हात लवकर थकतो, गार पडतो, मनगटाची नाडी मंद होते.
४. मूत्रपिंडाकडील फांदी अडल्यास रक्तदाब अतिशय वाढतो, लघवी कमी होते.
५. आतड्यांकडील फांदी अडल्यास जेवणानंतर पोटात तीव्र दुखते.
६. पायांकडील वाट अडल्यास चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबल्यावर बरे वाटते.
७. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटल्यास दोन्ही पायांतील शक्ती अचानक जाऊ शकते.

महाधमनीचा फुगवटा

वय, वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि रक्तातील वाढलेली चरबी यांमुळे मधला पदर कमकुवत होतो. अशी भिंत हळूहळू बाहेर फुगू लागते. यालाच डॉक्टर ॲन्युरिझम म्हणतात. पोटातील महाधमनीची रुंदी तीन सेंटीमीटर किंवा अधिक झाली की ती फुगली असे मानतात. सायकलच्या ट्यूबला विरलेल्या जागी फुगा यावा, तसाच हा प्रकार होय. धूम्रपान करणाऱ्या वयस्क पुरुषांत हा विकार अधिक दिसतो. त्यांत विडी ओढणारेही आले.

अडचण अशी की, हा फुगवटा बहुधा दुखत नाही. काहींना पोटात बेंबीजवळ ठोका जाणवतो, काहींची कंबर दुखते. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत तो योगायोगाने आढळतो. लहान असेल तर रक्तदाब ताब्यात ठेवून ठरावीक काळाने मोजमाप करीत राहतात. पोटातील फुगवटा पुरुषांत साधारण साडेपाच आणि स्त्रियांत पाच सेंटीमीटरपर्यंत वाढला की शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. तो फुटल्यास बहुसंख्य रुग्ण वाचत नाहीत.

थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच विकार होता. १९४८ साली डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या पोटातील फुगवट्याभोवती सेलोफेनचे वेष्टन घातले, कारण त्या काळी याहून अधिक काही करता येत नव्हते. एप्रिल १९५५ मध्ये तो फुगवटा फुटून त्यांचे निधन झाले. त्यानंतर वैद्यकशास्त्र फार पुढे गेले. आज खराब भाग काढून कृत्रिम नळी बसविता येते. अर्जेंटिनातील डॉ. हुआन परोडी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या पद्धतीने जांघेतील रक्तवाहिनीतून आत नळी सरकवून पोट न उघडताही पुष्कळ रुग्णांवर उपचार होतात.

भिंतीचे पदर सुटणे

महाधमनीच्या सर्व विकारांत हा सर्वांत तातडीचा होय. डॉक्टर याला डिसेक्शन म्हणतात. आतल्या पदराला चीर पडते, रक्त दाबाने त्या चिरेत शिरते आणि भिंतीचे पदर एकमेकांपासून सुटत जातात. रक्ताला एक खोटी वाट तयार होते. ती वाट जेथवर जाईल तेथवरच्या फांद्या दबतात आणि वर सांगितलेल्यापैकी कोणतेही लक्षण एकाएकी उद्भवू शकते. उच्च रक्तदाब हे याचे प्रमुख कारण आहे. थंडीच्या दिवसांत आणि सकाळच्या वेळी हे प्रकार अधिक घडतात, असे अभ्यासांत आढळले आहे. आदिलाबादची थंडी तेलंगणात सर्वांत कडक गणली जाते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी पौष-माघात विशेष जपावे.

याची वेदना अचानक आणि पहिल्या क्षणापासूनच असह्य असते. छातीत किंवा पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, काहीतरी फाटल्यासारखी कळ येते व ती खाली सरकत जाऊ शकते. सोबत घाम, मूर्च्छा, एका हाताची नाडी मंद होणे, बोबडी वळणे किंवा पाय लुळे पडणे अशी लक्षणे असू शकतात.

अशा वेळी पुष्कळ घरांत ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून सोडा, ओवा किंवा मेडिकल दुकानातील गोळी दिली जाते व सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. हे अत्यंत घातक आहे. हृदयाजवळच्या भागातील पदर सुटले असतील आणि उपचार झाले नाहीत, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरापैकी एक ते दोन रुग्ण दगावतात, असे वैद्यकीय ग्रंथांत दीर्घकाळ सांगितले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदींत हे प्रमाण ताशी सुमारे अर्धा टक्का आढळले. कोणताही आकडा घेतला तरी हैदराबादचा पाच-सहा तासांचा प्रवास लक्षात घेता घरी दवडलेली रात्र किती महाग पडेल, हे सांगावयास नको.

हृदयविकाराच्या झटक्यासारखीच ही वेदना वाटत असली तरी उपचार भिन्न आहेत. झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन उपयोगी ठरते. येथे तेच जीवघेणे होऊ शकते. ईसीजी सामान्य आला म्हणून निर्धास्त होऊ नये. निदानासाठी सीटी अँजिओग्राफी लागते. हृदयाजवळचा भाग बाधित असल्यास तातडीची शस्त्रक्रिया करतात. केवळ खालचा भाग बाधित असल्यास बहुतेकदा औषधांनी रक्तदाब व ठोके उतरवून, आवश्यक तेथे स्टेंट बसवून उपचार होतात.

तरुण मुलींमधील ‘हरवलेली नाडी’

महाधमनीचे विकार केवळ वृद्धांना होतात, हा समज बरोबर नाही. एका विकारात महाधमनी व तिच्या फांद्यांच्या भिंतीला सूज येते, त्या जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. जपानमधील नेत्रतज्ज्ञ डॉ. मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली अशा एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील बदलांचे वर्णन केले, म्हणून याला ताकायासूचा आजार म्हणतात. तो बहुधा चाळिशीच्या आतील स्त्रियांना होतो.

भारतातील या आजाराच्या अभ्यासात मुंबईचा मोठा वाटा आहे. परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली महाधमनीच्या मधल्या भागातील अरुंदपणाविषयी लेख प्रसिद्ध केला. पुढे १९७३ मध्ये १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा ग्रंथ मुंबईहून निघाला. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयरोपण करणारे शल्यविशारद ते हेच डॉ. सेन. जपानी रुग्णांत मानेकडील व हातांकडील फांद्या अधिक बाधित दिसतात, तर भारतीय रुग्णांत पोटातील महाधमनी व मूत्रपिंडाच्या फांद्या अधिक बाधित होतात. म्हणून आपल्याकडे अनेकदा तरुण वयातील उच्च रक्तदाब हेच या आजाराचे पहिले चिन्ह असते. क्षयरोगाशी याचा संबंध असावा, असे मत भारतातील अनेक डॉक्टरांनी मांडले. परंतु ते निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

सुरुवातीला बारीक ताप, अशक्तपणा, वजन घटणे, सांधे दुखणे अशा तक्रारी असतात. पुढे कापूस वेचताना, पाणी ओढताना किंवा वेणी घालताना एकच हात भरून येतो. मनगटाची नाडी लागत नाही. येथे एक फसवणूक होऊ शकते. अरुंद झालेल्या हातात रक्तदाब मोजल्यास तो कमी दिसतो आणि खरा वाढलेला रक्तदाब लक्षातच येत नाही. म्हणून दोन्ही हातांत, आणि शंका असल्यास पायातही रक्तदाब मोजणे आवश्यक ठरते.

हा आजार संसर्गजन्य नाही. सूज उतरविणारी औषधे, गरजेप्रमाणे फुग्याने वाट रुंद करणे किंवा शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने रुग्ण दीर्घकाळ चांगले जीवन जगतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मातृत्वही बहुतेकींना शक्य असते. म्हणून पालकांनी मुलीच्या विवाहाच्या काळजीने आजार लपवू नये वा औषध बंद करू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

जन्मजात विकार

काही बालकांत महाधमनीचा एक भाग जन्मतःच अरुंद असतो. हातांत रक्तदाब जास्त, पायांत कमी, पाय गार व लवकर थकणारे, अशी लक्षणे आढळल्यास टू-डी इको तपासणी करावी. मार्फान नावाच्या आनुवंशिक विकारात व्यक्ती उंच व सडपातळ, हातांची बोटे लांब आणि महाधमनी नाजूक असते. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर रक्ताच्या नातेवाइकांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपण काय करावे?

१. तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा रक्तदाब मोजावा. पहिल्या वेळी दोन्ही हातांत मोजण्यास सांगावे. दोन हातांत वरचा आकडा २० किंवा अधिकने वेगळा आल्यास डॉक्टरांना दाखवावे.
२. रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून थांबवू नये. एकादशी, नवरात्र, श्रावण सोमवार अशा दिवशी अनेक भाविक गोळी टाळतात, असे दिसून येते. घोटभर पाण्याबरोबर औषध घेण्याने व्रताला बाध येत नाही, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.
३. विडी, सिगारेट व तंबाखू सोडावी. लोणचे, पापड व मीठ बेताने घ्यावे.
४. विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या, पासष्ट वर्षांवरील पुरुषांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.
५. छातीत वा पाठीत अचानक असह्य कळ आल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा व रुग्णाला तत्काळ रिम्स किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. ‘कळ एकाएकी आली, पाठीत गेली’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रुग्णाला चालवू नये.
६. चालू औषधांची चिठ्ठी, जुने अहवाल, रेशन कार्ड व आधार कार्ड घरात एकत्र ठेवावे. २००७ साली तत्कालीन आंध्र प्रदेशात सुरू झालेल्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा तेलंगण शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये दहा लाख रुपये केली. पात्र कुटुंबांनी खर्चाच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. नागपूरला जावयाचे असल्यास तेथील रुग्णालयात योजना लागू आहे किंवा नाही, याची चौकशी करावी.

सदर माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून ती डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही, याची कृपया नोंद घ्यावी. ज्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही, त्यांना हा लेख घरातील तरुणांनी वाचून दाखवावा आणि आपल्या घरात कोणाची रक्तदाबाची गोळी बंद पडली आहे काय, हे आजच विचारून घ्यावे.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ