लुंबिनीला आई-वडिलांना पाठवताना विम्याचे कागदही बघा

दिवाळी सरली की निगडी, दापोडी, भोसरी, चाकण भागातल्या बुद्धविहारांत बोधगया-सारनाथ-कुशीनगर-लुंबिनी सहलीची चर्चा सुरू होते. कंपनीत कंत्राटी कामावर असलेला मुलगा ओव्हरटाइम करून पैसे साठवतो आणि आई-वडिलांची नावे नोंदवतो. या सहलीतला एक मुक्काम परदेशात आहे, हे मात्र आपण विसरतो.

सोनौलीची सीमा ओलांडली की नेपाळ. भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून तो परदेश वाटतच नाही. पण आपले ईएसआय कार्ड, महात्मा फुले जन आरोग्य योजना, आयुष्मान कार्ड या सगळ्यांची हद्द तिथे संपते. कंपनीचा मेडिक्लेम आणि घरचा आरोग्य विमाही बहुतेक वेळा फक्त भारतातल्या उपचारांसाठीच असतो.

आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या छातीत लुंबिनीत दुखू लागले. आयोजकाने निघताना "विमा काढलाय" असे सांगितले होते. कागद पाहिले, तर तो बसचा विमा निघाला! वस्तीत वर्गणी काढून पैसे पाठवावे लागले. काका बरे होऊन परत आले, पण मुलाला पुढे वर्षभर कर्ज फेडावे लागले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक सहलीआधी कागद तपासतो.

आयोजकाला काय विचाराल?

बसचा विमा वेगळा आणि प्रवाशाचा विमा वेगळा. बसच्या विम्याची हद्दही साधारणपणे भारतापुरतीच असते. नेपाळसाठी जादा हप्ता भरून ती वाढवून घ्यावी लागते. म्हणून दोन कागद मागा: बसच्या पॉलिसीत नेपाळची नोंद आहे का आणि प्रत्येक यात्रेकरूच्या नावाची प्रवास विमा पॉलिसी आहे का.

पॉलिसी घेताना काय पाहाल?

१. पॉलिसीत नेपाळचे नाव आणि सगळ्या तारखा आहेत का. हा विमा भारतातून निघण्याआधीच काढायचा असतो.

२. वयाची अट. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचा हप्ता वाढतो, काही पॉलिसींत संरक्षण कमी होते.

३. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार लपवू नका. चार पैसे वाचवायला आजार लपवला, तर नेमका गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो. जुन्या आजारासाठी अनेक पॉलिसी फक्त जिवावर बेतल्यासच खर्च देतात. ती अट वाचून घ्या.

४. रुग्णाला भारतात आणण्याचा खर्च आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्याचा खर्च त्यात आहे का. हा विषय काढायला जड जाते, पण गावाहून हजार-दीड हजार किलोमीटरवर तो अंगावर आला तर निस्तरणे त्याहून जड.

निघण्याआधीची तयारी

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र घ्या. १५ ते ६५ वयाच्या माणसाने नुसत्या आधार कार्डावर विसंबू नये. नेहमीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पॉलिसीची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. बसच्या डिकीत नको. पॉलिसीवरचा मदत क्रमांक सोबतच्या दोघांना द्या. दवाखान्यात दाखल होताच त्यावर कळवायचे असते; उशीर झाला तर दाव्यात अडचण येते. बिले आणि तपासणीचे कागद मूळ स्वरूपात जपा.

दावा चुकीने नाकारला, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

कार्यकर्त्यांना एवढीच विनंती: सहलीच्या आधीच्या रविवारी, वंदना झाल्यावर, एक तास कागद तपासायला बसा. ज्यांना इंग्रजी पॉलिसी वाचता येत नाही, त्यांना ती मराठीत समजावून सांगा. आयुष्यभर राबलेले आपले आई-वडील पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेत. त्यांनी निश्चिंत मनाने लुंबिनी पाहावी, ही जबाबदारी आपली आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!