सुई न लागणाऱ्या बाहुल्या

मार्च लागला की आपल्या घरातली दिनदर्शिका भरून जाते. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा दिवस, ११ एप्रिलला जोतीराव फुल्यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची, आणि मागोमाग वैशाख पौर्णिमा. पळस फुलून झडेपर्यंत सणांची ही रांग चालू असते. बाहेर वस्तीत कमान, पताका, रोषणाई हे सगळे मंडळाची पोरे बघतात. घरात मात्र भिंतीवरच्या तसबिरीला हार घातला की सजावट संपली. खिडकीचा कट्टा, कपाटाचा माथा, दारामागचा कोपरा तसाच राहतो. नाहीतर मग बाजारातून प्लास्टिकचे तोरण येते. ते आठ दिवसांत फिके पडते आणि पावसाळ्यात नालीत सापडते.

मैत्रिणींनो, यंदा घरातल्या चिंध्यांच्या बाहुल्या करून बघा. यांना सुई लागत नाही, मशीन लागत नाही. आपल्यातल्या कितीतरी बाया दिवसभर शिलाईच्या कामावर मान मोडून बसतात. त्यांना घरी आल्यावर पुन्हा सुई धरा म्हणणे बरे नाही. यात नुसते भरायचे, बांधायचे आणि चिकटवायचे. सात-आठ वर्षांचे पोरगेसुद्धा दुपारच्या सुट्टीत एक बाहुला उभा करते.

मूळ कल्पना दूरची आहे. स्वीडनमध्ये टोम्टे आणि नॉर्वेत निस्से नावाचा एक बुटका म्हातारा लोककथांत आहे. डोक्यावर उंच टोपी, लांब दाढी. तो रात्री गोठ्याची राखण करतो, म्हणून नाताळात त्याच्यासाठी लोणी घातलेल्या पेजेचा वाडगा ठेवण्याची तिकडे रीत होती. आता त्याच आकाराचे कापडी बुटके तिकडे वसंतातही मांडतात, टोपीला फुले लावून. आपल्याला त्यातला राखणदार नको, नैवेद्यही नको. आकार तेवढा घेऊ, कारण तो फार सोपा आहे. टोपी नाकापर्यंत ओढलेली असते, त्यामुळे डोळे काढावे लागत नाहीत, आणि बाहुल्यात अवघड असतात ते डोळेच.

पण कृतीआधी दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. बाहुली म्हटले की घरातल्या जुन्या बायांच्या कपाळावर आठी येते, आणि तिला कारण आहे.

पहिले कारण चिंधी. गावगाड्यात मयताच्या अंगावरचे कापड महाराच्या वाट्याला येई, आणि त्यालाच हक्क म्हणत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले आहे. तो ग्रंथ महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला. ज्या आजीने लहानपणी दुसऱ्याची उतरण अंगावर घातली, तिला नातवंडाच्या हातात फाटके कापड बघवत नाही. तिला हसू नका.

तिला चुल्लवग्गातली गोष्ट मात्र सांगा. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भिक्खू आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. राजाला ते खटकले. इतक्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, दुकान मांडणार का? त्याने आनंदांना गाठून विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. खोळी विरल्या की बैठका, बैठका विरल्या की पायपुसणी, पायपुसणी विरली की झाडण्याची फडकी. आणि फडकीही गेली की ती कुटून चिखलात मिसळायची आणि जमीन लिंपायची. राजाचे समाधान झाले, आणि त्याने आपल्याकडून आणखी पाचशे वस्त्रे दिली. भिक्खूंचे पांसुकूल चीवर तर उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या टाकलेल्या चिंध्यांचेच असे. एकीकडे चिंधी लादलेली आहे आणि दुसरीकडे ती आपखुशीने उचलून, धुऊन, रंगवून अंगावर घेतलेली आहे. हा फरक आपल्या आज्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

दुसरे कारण करणी. मराठवाड्यात भानामतीच्या संशयावरून बायांना मारहाण झाली आहे, घरे वाळीत पडली आहेत. कणकेची नाहीतर कापडाची बाहुली, तिला टोचलेल्या सुया, शेजारी लिंबू. हे चित्र मनात इतके खोल बसलेले आहे की घरात बाहुली सापडली तर शिकलेला माणूसही दचकतो. नव्या बांधकामावर उलटी टांगलेली काळी बाहुली तर शहरातही रोज दिसते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणी-भानामतीचा आळ घेऊन त्याला छळणे आता गुन्हा आहे. पण कायद्याने पोराच्या मनातली भीती जात नाही. ज्या पोराने स्वतः मोज्यात वाळू भरून बाहुला केला, त्याला आत काय आहे ते ठाऊक असते. ते पुढे कुठल्या बाहुलीला भिणार नाही. आपल्या बाहुल्यांना सुई नाही, ही या बाबतीत आयतीच सोय झाली.

आता कृती.

एक विटका मोजा घ्या. शाळेचा चालेल, बोटाशी फाटका असेल तर आतून गाठ मारा. तळाला दोन मुठी धुऊन वाळवलेली वाळू घाला, म्हणजे बाहुला बसेल, कलंडणार नाही. परदेशात तांदूळ भरतात. आपल्या घरात तांदळाला किंमत आहे. वाळूवर सरकी काढलेला कापूस, लाकडाचा भुसा किंवा बारीक कात्रण ठासा. शिंप्याकडे कात्रण मागितले तर तो पिशवीभर देतो. वीतभर उंची झाली की तोंड सुतळीने करकचून बांधा.

त्याच बांधल्या जागी दाढी लावायची. तागाचे किंवा अंबाडीचे धागे बोटभर रुंद घ्या, सुतळीखाली खोचा आणि पुढे सोडा. त्यावर नाक. बोराएवढा कापसाचा गोळा तपकिरी कापडाच्या तुकड्यात घालून पीळ द्या, दोऱ्याने बांधा आणि शेपूट सुतळीत अडकवा. नाकाला गुलाबी कापड शोधत बसू नका. आपल्या नाकांचा रंग आपल्याच घरात आहे.

टोपीसाठी जाड कापडाचा पाव गोल कापा, वीतभर त्रिज्येचा. कडेला खळ लावून शंकूसारखी गुंडाळी करा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावून वाळू द्या. खळ घरीच होते. दोन चमचे मैदा, कपभर पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचे, चकाकी आली की उतरवायचे. त्या पाण्यात आधी कडुनिंबाचा पाला उकळून घेतला तर कीड कमी लागते. टोपी वाळली की आत खळ लावून नाकापर्यंत ओढून बसवा. टोपीऐवजी जुन्या साडीच्या काठाचे मुंडासेही छान दिसते. पट्टी पिळायची, दोन वेढे द्यायचे आणि टोक मागे खोचायचे. मला तर टोपीपेक्षा मुंडासेच आवडते, कारण त्याने बुटका स्वीडनचा राहत नाही, आपल्या गावचा होतो.

बाई करायची तर दाढीऐवजी काळ्या लोकरीची वेणी आणि मुंडाशाऐवजी पदर. लहान मुलगी करायला मोजा नको, रुमालाएवढे चौकोनी कापड पुरते. मध्यभागी कापसाचा गोळा ठेवा, खाली दोरा बांधला की डोके झाले. दोन समोरच्या टोकांना गाठी मारल्या की हात झाले. उरलेले खाली सोडले की झगा. वसंताचा रंग हवा असेल तर पळसाची फुले पाण्यात उकळा, चिमूटभर तुरटी घाला आणि पांढरे कापड त्यात बुडवा. पिवळा-केशरी रंग येतो, पण तो उन्हात उडतो, म्हणून सावलीत वाळवा.

मुलीच्या हातात पुस्तक हवेच. ते कागदाचे, आणि जमले तर कागझीपुऱ्याच्या कागदाचे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत हे गाव लागते. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा जे कारागीर आले त्यांच्याशी इथल्या कागदाची परंपरा जोडतात. हा कागद चिंध्यांचाच. कापसाच्या चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा पाण्यात सोडायचा, चाळणीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा आणि घोटायचा. आज हे काम थोड्याच हातांत उरले आहे. एका तावात बाहुल्यांची पंचवीस-तीस पुस्तके सहज होतात.

अशा आठ-दहा बाहुल्या झाल्या की घरातच देखावा मांडता येतो. चवदार तळ्याचा देखावा सगळीकडे होतो. यंदा दौलताबादच्या टाक्याचा मांडा. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर निजामाच्या राज्यात वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायचा ठरले. रमजानचा महिना होता. वेशीबाहेर काठोकाठ भरलेले एक छोटे टाके आणि भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही मंडळींनी तिथे हात-तोंड धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत धावून आला, पाणी बाटवले म्हणून. बघता बघता जमाव जमला. शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात होते. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि त्यावर नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. बाबासाहेबांनी हे आपल्या इंग्रजी आठवणींत स्वतः लिहिले आहे. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते.

परातीत पाणी घाला, भोवती खडे मांडा. तीस बाहुल्या नकोत, पाच पुरेत. त्यातली एक वाकलेली असू द्या, हात पाण्याकडे. शिपाई आणि म्हातारा जरूर करा, पण त्यांना राक्षसाच्या मिशा लावू नका. दाढी लावून कुणाचा राग शिकवायचा नाही आहे. ज्या कागदावर तुम्ही ‘दौलताबाद, १९३४’ अशी पाटी लिहाल, तो कागद पिढ्यान् पिढ्या मुसलमान कागझींनीच केला. मुलांना दोन्ही गोष्टी एका बैठकीत सांगता येतात, आणि मुले त्या समजून घेतात. बाबासाहेबांची मात्र चिंधीची बाहुली करू नये, असे माझे मत आहे. तथागतांचीही नको. परातीमागे तसबीर ठेवावी नाहीतर त्यांचे एखादे पुस्तक उभे करावे. बाहुल्या आपल्या असाव्यात: मजूर, शेतकरी, नर्सबाई, पुस्तकवाली मुलगी, काठी टेकलेली आजी.

वैशाख पौर्णिमेनंतर बाहुल्या उचलताना सुतळी सोडून वाळू-भुसा काढून टाका, नाहीतर पावसात आत ओल धरते आणि उंदीर पोखरतात. रिकामे मोजे, टोप्या आणि दाढ्या बिस्किटाच्या डब्यात वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांबरोबर ठेवा. पुढच्या मार्चमध्ये नवी वाळू भरायची, फाटलेली मुंडाशी बदलायची. पुस्तकवालीचे पुस्तक ज्या पोराला लिहिता येऊ लागले असेल, त्याच्याकडे द्या. आत काय लिहायचे ते त्याचे त्याला ठरवू द्या.